पेट्रोलची की डिझेलची?

गेल्या दिवाळीत माझा भाचा साताऱ्याला आमच्या घरी आला होता. एका औषध कंपनीचा तो प्रतिनिधी आहे. सातारा, कराड, फलटण, वाई अशी त्याची सतत फिरती चालू असते. जेवणे आटोपल्यावर त्याने विषय काढला, "मामा, गाडी घ्यायची म्हणतोय. पेट्रोलची घेऊ की डिझेलची?" मी घसा खाकरून उत्तर देणार, तोच त्याची मामी आतून म्हणाली, "यांना जरूर विचार, आणि हे सांगतील त्याच्या बरोब्बर उलट कर!"

या बोलण्यात तथ्य होते, हे मला कबूल केले पाहिजे. मी अर्थशास्त्राचा एम. ए. वर्गात मुलांना जमाखर्च शिकवणारा माणूस. तरीही २०२१ साली मी डिझेलची मोटार घेतली, ती केवळ पंपावरचा भाव पाहून. डिझेल स्वस्त, शिवाय ॲव्हरेज जास्त. मग विचार कसला करायचा? पण घरापासून माझे कॉलेज तीन किलोमीटर आणि संध्याकाळी मंडई, एवढाच माझा प्रवास! दुसऱ्याच पावसाळ्यात गाडीत समोरचा पिवळा दिवा लागला, गाडी ओढेनाशी झाली, आणि बचतीतली बरीच रक्कम वर्कशॉपात गेली. माझे काय चुकले, ते समजायला या दोन इंजिनांतला फरक थोडा पाहावा लागेल.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने याच गोष्टीचा उपयोग केला आणि १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतात आणि प्लगच्या ठिणगीने पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे नुसती हवा एवढी दाबतात की ती लालबुंद निखाऱ्यासारखी तापते. मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण दहा-अकरा पट दाबले जाते, तर डिझेल इंजिनात हवा पंधरा-सोळा पट किंवा त्याहूनही अधिक.

या जास्त दाबामुळे इंधनातली जास्त शक्ती चाकापर्यंत पोचते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा उष्णताही जास्त असते. म्हणून डिझेलचे ॲव्हरेज चांगले, आणि खंबाटकीच्या घाटात भरलेली गाडी कमी फेऱ्यांवरही दमदारपणे चढते. पण तो दाब सोसायला इंजिन भक्कम लागते, फवाऱ्याची यंत्रणा नाजूक आणि महाग असते. तेव्हा डिझेलची गाडी मुळातच महाग, आणि महाराष्ट्रात तिच्यावरचा एकरकमी करही पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त आहे.

आता हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. आपण आपल्या गावचे घाला. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज २०, म्हणजे साडेचार रुपये. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले. पण त्याच मॉडेलची डिझेल गाडी दीड लाखाने महाग असली, तर ते दीड लाख भरून निघायला ६०,००० किलोमीटर धावावे लागते. माझ्यासारखा महिन्याला ५०० किलोमीटर फिरणारा माणूस तिथे दहा वर्षांनी पोचतो. महिन्याला २,००० किलोमीटर फिरणारा माझा भाचा अडीच वर्षांत पोचतो. सर्व्हिसिंगचा जादा खर्च धरला, तर माझी दहाची बारा वर्षे व्हायची!

पूर्वी हा हिशेब वेगळा होता. २०१० साली पेट्रोलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले; डिझेलवरचे २०१४ पर्यंत राहिले. मधल्या काळात दोन्ही भावांत मोठी दरी पडली आणि लोक डिझेल गाड्यांकडे वळले. 'डिझेल म्हणजे फायदा' ही समजूत त्या दिवसांतली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम देशभर लागू झाले, डिझेल गाड्या आणखी महागल्या, आणि मारुती सुझुकीसारख्या कंपनीने त्याच सुमारास डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. समजूत मात्र मागे राहिली, आणि तिला मी बळी पडलो.

माझा पिवळा दिवा लागला तोही या नियमांपायीच. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत एक फिल्टर असतो. तो काजळी अडवतो, आणि गाडी वीसएक मिनिटे एका वेगाने पळाली की ती काजळी आतल्या आत जाळून टाकतो. तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत त्याला तेवढी ऊब मिळतच नाही. काजळी साठते आणि फिल्टर तुंबतो. वर्कशॉपातला कारागीर म्हणाला, "सर, ही हायवेची गाडी आहे. नाहीतर असं करू, फिल्टरच काढून टाकू. पुन्हा कटकट नाही."

खरे सांगतो, क्षणभर मोह झाला. पण माझ्या घरासमोर प्राथमिक शाळा आहे. सकाळी मी गाडी सुरू करतो, तेव्हा पोरे तिथूनच जात असतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केला आहे. चूक माझी, आणि तिची काजळी त्या पोरांच्या छातीत का जावी? शिवाय फिल्टर काढणे कायद्यालाही धरून नाही. मी तो साफ करून घेतला, आणि पुढे तोटा सोसून गाडी विकली. आता पेट्रोलची छोटी गाडी आहे. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे कमी मिळते. पण माझ्या फेऱ्यांना ते परवडते.

भाच्याला मी म्हटले, "तुझी फिरती लांबची, घाटाची. तू डिझेलची घे. फक्त फिल्टरला हात लावू देऊ नकोस." मामी बाहेर आली आणि म्हणाली, "या खेपेला यांचं ऐक हो!"

श्रोतेहो, सी.एन.जी. आणि विजेच्या मोटारी हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आज सांगायचे ते एवढेच: शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी एक महिना आपण रोज किती किलोमीटर जातो आणि एका दमात किती जातो, ते वहीत टिपून ठेवा. भावफलक सगळ्यांना सारखाच दिसतो. पण आपल्याला कोणती गाडी परवडेल, ते त्या वहीतच सापडेल.