गल्ल्यातलं नाणं: टाकसाळीची चूक की नुसता मार?

आजचा विषय धामणगाव बढेहून आलेल्या एका फोटोवरून निघाला. दुकानाच्या गल्ल्यात दहाचं नाणं सापडलं, मधली पांढरी चकती तिरपी फिरलेली. सोबत प्रश्न: "एक जण दोन लाख देतो म्हणतो, पण आधी अडीच हजार रजिस्ट्रेशन मागतोय. भरू का?"

भाऊ, थांब. आधी नाणं बघू.

दहाच्या नाण्याची पिवळी कडी आणि पांढरी चकती टाकसाळीत एकाच दाबात जोडली जातात, आणि त्याच दाबात नक्षीही उमटते. म्हणजे नक्षी उमटल्यावर चकती फिरलेली दिसत असेल, तर ती बाहेर कुणीतरी ठोकून काढून परत बसवलीय.

हीच कसोटी सगळीकडे लावा: हे छापण्याच्या त्या क्षणी घडू शकतं का?

पहिली खूण, रेघ. मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, झूम करा. रेघ खोल गेली असेल तर बहुतेक ओरखडाच. उठून आलेली असेल तर ठशाला तडा गेलेला असू शकतो. धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून रेघ वर येते.

दुसरी, सरकलेली छपाई. चकती ठशाखाली नीट बसली नाही, तर एका बाजूला चंद्रकोरीसारखी कोरी जागा राहते, आणि ती छाप-काटा दोन्हीकडे दिसते. एकाच बाजूची नक्षी सपाट असेल, तर ती घासलेली किंवा झिजलेली समजा.

सालाखालच्या खुणेनंही फसू नका. हिऱ्यासारखी आकृती म्हणजे मुंबई टाकसाळ, तारा हैदराबाद, टिंब नोएडा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. यात चूक काहीच नाही.

आता तो अडीच हजारवाला. जुनी नाणी-नोटा विकून देण्यासाठी आपल्या नावानं पैसे उकळले जातायत, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच दिलाय. बँक अशा व्यवहारात नसते, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. खरा संग्राहक नाणं हातात घेऊन पारखतो आणि पैसे तुम्हाला देतो. तुमच्याकडून आधी मागत नाही.

तर भाऊ, तुझं नाणं काही लाखाचं नाही. पण अडीच हजार वाचले ना! भेटू पुढच्या भागात.