नावाचा रिकामा रकाना

शाळाप्रवेशाचे दिवस आले की महानगरपालिकेच्या कार्यालयांत जन्मदाखल्यासाठी आईबापांची धावपळ सुरू होते. त्यांतील कित्येकांच्या हाती दाखला असतो, पण त्यावरील बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असतो. मूल चार वर्षांचे झालेले असते, आळीतले सगळे त्याला नावाने हाका मारतात. सरकारच्या दप्तरी मात्र ते अद्याप अमक्याचा पुत्र वा तमकीची कन्या, एवढेच!

यात दोष कायद्याचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. आपल्याकडे नाव ठेवावयाचे ते बारशाला. आणि बाळबाळंतीण रुग्णालयातून बहुधा त्यापूर्वीच घरी येतात. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा या रीतीच्या आड येत नाही. जन्माची खबर २१ दिवसांत दिली पाहिजे, परंतु नोंद नावावाचूनही होते. नाव पुढे बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येते. त्यानंतरही विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत वाव आहे. इतकी सवड असून रकाना रिकामा राहतो, तो रुग्णालयाने खबर दिली म्हणजे सारे झाले, या समजुतीमुळे. रुग्णालय जन्म कळविते. नाव आईबापांनीच कळवावयाचे असते.

दुसरा घोळ माहेरच्या बाळंतपणाचा. सासर नागपूरचे, माहेर वर्ध्याचे वा भंडाऱ्याचे. नोंद जन्म जेथे झाला तेथेच होते, हे ठाऊक नसलेले जावईबापू नागपुरात खेटे घालीत राहतात! बाळंतपण रुग्णालयाऐवजी घरी झाले तर खबर देण्याचा भार कुटुंबप्रमुखावर, म्हणजे बहुधा आजोबांवर येतो. आणि खबर द्यावयास वर्ष उलटले, तर त्याच भागातील जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा वा जिल्हा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळविल्यावाचून नोंद होत नाही.

पूर्वी हे सारे खपून जात असे. मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख घेऊन आपल्यातील कित्येक वडीलधारे नोकरी करून सेवानिवृत्तही झाले. नव्या पिढीला ती सोय नाही. २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट, विवाहनोंदणी व सरकारी नोकरी या कामी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. ही मुले आता बालवाडीच्या वयाची होऊ लागली आहेत.

कायद्याने दिलेही पुष्कळ आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचे नाव महाराष्ट्रात सरकारी कागदोपत्री बाळाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव, या क्रमाने लिहावयाचे आहे. नऊ महिने भार वाहणाऱ्या माउलीला नावात जागा मिळावयास एवढा काळ लागला, याचे नवल वाटते. एकट्या मातेने अपत्याचा जन्मदाखला मागितला, तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर तो द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. पित्याचे नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरचे कागद आज ना उद्या पुरे होतील. ज्यांना एका दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही, त्यांचे काय? बालाघाट-छिंदवाड्याकडून इमारतीच्या कामावर आलेली मजूरस्त्री, किंवा आपल्याच घरी धुणीभांडी करणारी बाई, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते आणि तोच जन्मदाखला समजते. खबर वेळेत दिली असेल तर खरा दाखला कायद्याने तिला विनामूल्य मिळावयाचा आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ती पिशवी एकदा तिच्याकडून मागून घ्या, आतला कागद वाचून पाहा, आणि नाव घालावयाचे राहिले असेल तर बारा महिने भरण्याच्या आत एका सकाळची सुटी तिला पगार न कापता द्या.