आपली पत, त्यांची वही

आपल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक शब्द रुळला आहे : सिबिल. ‘त्याचं सिबिल खराब आहे’ एवढे म्हटले की बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात पुढचे सांगावे लागत नाही. पीककर्जाला सिबिल लावू नका असे राज्य शासन बँकांना बजावते, तरी शेतकऱ्याला ते ऐकावे लागतेच. परंतु हे सिबिल कोणाच्या ताब्यात असते आणि त्यातील माहिती चोरीला गेली तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न आपल्या चळवळीने अजून हाती घेतलेला नाही. तो घेतला पाहिजे, असे मला वाटते.

सिबिल हे वस्तुतः २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा केला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तकंपन्या यांनी आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवणे बंधनकारक आहे. गटातून वीस-तीस हजार उचलणाऱ्या बाईचीही नोंद तेथे होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाईल, ओळखपत्राचा क्रमांक, कोणता हप्ता कधी चुकला, सारे.

येथे मूळ गोम आहे. ही वही आपल्याविषयी आहे, पण तिचे गिऱ्हाईक प्रामुख्याने बँका आहेत. दुकानदार मापात मारतो असे दिसले तर आपण दुकान बदलतो. येथे तेही शक्य नाही, कारण या दुकानात आपण आपल्या पायांनी कधी गेलोच नव्हतो. १८७५ साली पुणे-नगर भागातल्या कुणब्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला तेव्हा कर्जरोखे हिसकावून जाळले. ते कागद कोणत्या वाड्यात आहेत हे त्यांना ठाऊक होते. आजच्या कर्जदाराला आपली वही कोठे आहे हेही ठाऊक नसते. जेथे गिऱ्हाइकाचा धाक नाही तेथे कायद्याचाच धाक हवा.

तो नसला तर काय होते, हे २०१७ साली अमेरिकेत दिसले. इक्विफॅक्सच्या संगणकप्रणालीत एक दोष होता. त्यावरची दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती, परंतु कंपनीने ती सर्वत्र केली नाही. मे ते जुलै या काळात चोर आत वावरत होते. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली, आणि लोकांना हे सप्टेंबरमध्ये सांगण्यात आले. २०१९ साली कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. माणशी १२५ डॉलरपर्यंत रोख मिळेल असे सांगितले गेले. दावे इतके आले की हाती पडले ते त्याहून फारच कमी. म्हणजे तेथेही न्याय अपुराच झाला. तथापि कंपनीला लोकांपुढे उभे राहावे लागले, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे काय? माहिती-तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ आले. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे माहिती फुटून ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला. पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात सुरक्षेची हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि माहिती फुटली तर संबंधित माणसाला कळवण्याची सक्ती आहे. आकडा पाहून समाधान वाटते. पण दंड जातो सरकारी तिजोरीत; ज्याची माहिती गेली त्याला त्यातला पैसाही नाही. उलट याच कायद्याने ४३-अ हे कलम वगळण्याची तरतूद केली आहे. शिवाय खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरल्यास तक्रारदारालाच १० हजारांपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध करताना या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईच्या नावावर, तिने कधीच न घेतलेले कर्ज थकीत दिसत होते. वित्तसंस्था म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे संस्थेला विचारा. कागद कोठून फुटले? झेरॉक्सच्या दुकानातून, एजंटाच्या मोबाईलमधून, की कोणाच्या संगणकातून? हे सिद्ध करणे मजुरी करणाऱ्या बाईच्या आवाक्यातले नाही. पुराव्याचा भार तिच्यावर टाकणे म्हणजे न्याय नाकारणेच होय. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. या देशात आडनाव आणि वस्तीचे नाव एकत्र वाचले की बहुधा जात कळते. तेव्हा आपली वही फुटते तेव्हा केवळ पैशाची माहिती फुटत नाही.

आज हाती असलेले हक्क तरी वापरले पाहिजेत. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक असल्यास लेखी तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रारही करता येते. मात्र हे शंभर रुपये दुरुस्तीतल्या दिरंगाईचे आहेत, माहिती फुटल्याचे नव्हेत.

म्हणून मागणी तीन गोष्टींची हवी : भरपाईचा हक्क कायम राहावा, निष्काळजीपणा झाला नाही हे कंपनीने सिद्ध करावे, आणि माहिती फुटल्याची सूचना मराठीत, वाचून समजेल अशी मिळावी. महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या आयाबहिणींना त्यांचे अहवाल काढून, वाचून दाखवावेत. त्यांच्या कागदांच्या प्रती मात्र स्वतःजवळ ठेवू नयेत.