तगर आणि तेर

धाराशिवाच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव वसलें आहे. ज्वारी, तूर, हरभरा पिकविणारें हें गांव वरवर पाहणाऱ्यास आसपासच्या गांवांसारखेंच वाटेल. परंतु प्राचीन लेखांतून ज्या 'तगर' नगराचा उल्लेख येतो तें हेंच होय.

ही निश्चिति सहजासहजीं झालेली नाहीं. ख्रिस्ती पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत, भडोचेपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचें सांगून, तेथील साधें कापड व मलमल गाड्यांतून भडोचेस जात असे असें म्हटलें आहे. विल्फर्डनें हें स्थळ देवगिरि मानलें, भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं धारूर सुचविलें. जुन्नर पैठणच्या पश्चिमेस पडतें व देवगिरि उत्तरेस अगदीं जवळ आहे. तेव्हां हे दोन्ही पक्ष टिकत नाहींत. १९०१ सालीं फ्लीट ह्यांनीं तेरचा पक्ष मांडला. सरळ रेषेनें मोजल्यास भडोच-पैठण सुमारे ३५० व पैठण-तेर सुमारे १५० किलोमीटर भरतें. म्हणजे रोजची मजल साडेसतरा व पंधरा किलोमीटरांची पडते. दिशा खरी पाहतां आग्नेय, पण व्यापाऱ्याच्या तोंडच्या माहितीस इतकी सूट दिलीच पाहिजे.

धारूरहि त्याच दिशेस आहे. तेथें निर्णय नामावरून होतो. 'नगर' शब्दांतील मधल्या गकाराचा लोप होऊन 'नयर' व पुढें 'नेर' झालें. अमळनेर, पिंपळनेर हीं नांवें त्याचीच साक्ष देतात. त्याच न्यायानें तगर, तयर, तेर. धारूर हें रूप मात्र तगरापासून कोणत्याहि नियमानें साधत नाहीं.

शिलाहार राजे कोंकणांत व कोल्हापुरास राज्य करीत असतांहि स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. दुसऱ्या पुलकेशीच्या शके ५३४ च्या ताम्रपटांतील प्रतिग्रहीता ब्राह्मणहि तगरनिवासी आहे.

तेरास जाणाऱ्यानें प्रथम त्रिविक्रमाचें देऊळ पाहावें. तें विटांचें असून त्याची मागील बाजू चापाकृति आहे. पुढचा मंडप उत्तरकालीन. कझिन्सनें हें मूळचें बौद्ध चैत्यगृह ठरविलें. आमच्या मतें केवळ आकारावरून पंथ ठरवूं नये. उत्तरेश्वराचें देऊळहि विटांचेंच. त्याची कोरीव लांकडी द्वारचौकट आतां वस्तुसंग्रहालयांत आहे. संत गोरोबा काकांची समाधि ह्याच गांवीं असून चैत्र वद्य त्रयोदशीस मोठी यात्रा भरते. येथील प्राचीन मृण्मूर्तींत दोन सांच्यांनीं काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ति विशेष सुबक आहेत. त्यांचा व गोरोबांच्या चाकाचा संबंध जोडण्याचा मोह भाविकांस होतो. मध्यें हजार वर्षांहून अधिक काळ आहे, हें त्यांनीं विसरूं नये.

पावसानें पांढरीची माती वाहून गेली कीं शेतांत मणी, नाणीं, मूर्तींचे तुकडे उघडे पडतात. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं असे अवशेष वर्षानुवर्षें जमविले. त्यांच्याच नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय गांवांत आहे. ते नसते तर ही संपत्ति परागंदा झाली असती. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति १९३८ सालीं पाँपेई येथें सांपडलेल्या भारतीय मूर्तीची जणूं बहीणच. पाँपेई इसवी सन ७९ मध्यें राखेखालीं गाडलें गेलें, म्हणून त्या मूर्तीस काळाची उत्तरमर्यादा मिळते. तेरच्या मूर्तीस मात्र आपला काळ त्या बहिणीकडून उसना घ्यावा लागतो. उलट, चापेकर ह्यांच्या १९५८ च्या उत्खननांतील लहानसें खापरहि आपल्या थरामुळें स्वतःचा काळ सांगतें. त्या उत्खननाचा वृत्तांत १९६९ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

आमच्या संग्राहक वाचकांशीं म्हणूनच थोडें बोलावयाचें आहे. पोथी घेतांना आपण ती कोणाच्या घरची व शेवटच्या पानावर लेखनकाल आहे कीं नाहीं हें पाहतों. तेरचा मणी किंवा नाणें कोणी हातावर ठेवलें तर तसेंच विचारावें: शेत कोणतें, त्रिविक्रमाच्या देवळापासून कोणत्या दिशेस, किती पावलांवर, नांगराच्या तासांत कीं ओढ्याच्या दरडींत, आणि तें त्याच दिवशीं चिठीवर लिहून वस्तूसह संग्रहालयाच्या हवालीं करावें.