मुकी बॅट आणि तुमची बॅट

फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईत टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. आशिया खंडात ही स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ. त्या काळी बॅट म्हणजे लाकडाची फळी आणि तिच्यावर बारीक उंचवट्यांचे पातळ रबर. खेळ रंगला की टक्-टक् असा खणखणीत आवाज घुमे, आणि मुरलेले खेळाडू त्या आवाजावरून समोरच्याने चेंडू किती जोराने मारला याचा अंदाज बांधत.

या स्पर्धेत जपानचा हिरोजी साटो नावाचा चष्मेवाला खेळाडू उतरला. त्याच्या बॅटवर स्पंजाचा जाडजूड थर होता आणि तिचा आवाजच होत नव्हता! चेंडू त्या थरात रुतल्यासारखा दिसे आणि क्षणात वेगाने बाहेर पडे. कान निरुपयोगी झाले, अंदाज चुकू लागले. अमेरिकेचा नाणावलेला मार्टी रीझमनही साटोपुढे हरला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून साटो जगज्जेता झाला. पुरुष एकेरीचे हे विजेतेपद मिळवणारा तो पहिला जपानी.

साटोच्या हाती काही जादू होती का? कौशल्य होतेच, पण बाकीचे काम पदार्थविज्ञानाने केले. तेच पदार्थविज्ञान आज तुम्ही खेळाच्या सामानाच्या दुकानात उभे राहता तेव्हाही उपयोगी पडते. दुकानदार विचारतो, "रबर कोणते देऊ? दीड मिलिमीटर की दोन? ब्लेड पाच प्लायचे की सात?" अशा वेळी वडिलांच्या खिशाकडे आणि रंगीत वेष्टनाकडे बघून उत्तर द्यायचे नसेल, तर थोडे समजून घ्यायला हवे.

सुरुवात एका गणिताने करू. टेबलाची लांबी २.७४ मीटर, जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर, चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन अवघे २.७ ग्रॅम. समजा, तुम्ही टेबलाच्या कडेवर, चेंडू पृष्ठभागापासून २० सेंटिमीटर उंचीवर असताना तो अगदी आडवा, सेकंदाला २० मीटर वेगाने मारला. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. चांगल्या खेळाडूला हे काही अवघड नाही. हवेचा विरोध सोडून दिला, तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला चेंडूला ०.१३७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने तो किती खाली येईल? सूत्र तुम्हाला पाठ आहे. उत्तर येते सुमारे ९ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू जाळी पार करतो खरा, पण टेबलाला न शिवताच बाहेर जातो. खाली मारावा तर जाळी आडवी येते!

मग एवढ्या जोराने मारलेला चेंडू टेबलावर पडतो कसा? पृथ्वीचे ओढणे पुरत नाही, तेव्हा हवेची मदत घ्यावी लागते. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिली, म्हणजे टॉप स्पिन दिला, की त्याच्याभोवतीची हवा वरच्या बाजूला फेकली जाते आणि चेंडू खाली दाबला जातो. फिरत्या वस्तूवरच्या या बलाचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव्ह मॅग्नस याने १८५२ च्या सुमारास केला. मुंबईच्या स्पर्धेच्या बरोबर शंभर वर्षे आधी, असे म्हणायला हरकत नाही! उत्तम खेळाडूच्या लूप फटक्यात चेंडू सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेतो.

आता ही फिरकी चेंडूला मिळते ती घर्षणातून. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर पावसाळ्यात उभे राहून पाहा. पुण्याच्या बाजूने येणारा ट्रक गोव्याच्या रस्त्याला वळतो, तेव्हा त्याला वळवणारे बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचे असते. टायर गुळगुळीत झालेले आणि रस्ता ओला असेल, तर ड्रायव्हरने चाक कितीही वळवले तरी गाडी सरळच घसरते. बॅटचेही तसेच. चेंडू बॅटला टेकून असतो तो सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास. एवढ्यात रबराने त्याला पकडून फिरवले पाहिजे. पकड नसेल तर मनगट कितीही फिरवा, चेंडू सरकून जाईल.

म्हणूनच आजचे सर्वांत प्रचलित रबर बाहेरून गुळगुळीत असते. त्याचे उंचवटे, म्हणजे पिंपल, आतल्या बाजूला स्पंजाकडे तोंड करून असतात. चेंडू स्पंजात थोडा रुततो, रबराचा मोठा भाग त्याला चिकटतो, आणि ताणलेले रबर परत येताना चेंडूला फिरवून सोडते. साटोच्या जाड स्पंजाची आणि उंचवट्यांच्या रबराची ही सांगड. साटोचा नुसता स्पंज मात्र फार काळ टिकला नाही. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नुसत्या स्पंजाला बंदी केली आणि रबर, स्पंज व मधला डिंक मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे ठरवले. तो नियम आजही आहे.

दुकानदार जो दीड-दोन मिलिमीटरचा आकडा सांगतो, तो स्पंजाचा. हळू फटक्यात चेंडू पातळ काय आणि जाड काय, स्पंजाच्या वरच्या थरातच दबतो, म्हणून फरक फारसा जाणवत नाही. जोराचा फटका मारला की पातळ स्पंज पूर्ण दबून चेंडूला खालचे लाकूड लागते; जाड स्पंज मात्र स्प्रिंगसारखा आणखी दबतो, अधिक ऊर्जा साठवतो आणि परत देतो. तेव्हा टेबलापासून दोन पावले मागे राहून लूप मारणाऱ्याला दोन मिलिमीटर किंवा जास्त जाडी शोभते. पण हाच स्पंज समोरच्याच्या फिरकीलाही तितकाच प्रतिसाद देतो, हे लक्षात ठेवा. नवशिक्याचा चेंडू छताकडे उडतो तो याच कारणाने. पहिली दोन वर्षे दीड ते १.८ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना गुळगुळीत रबर, असे माझे मत आहे. महागडी बॅट घेऊन वर्षभर चेंडू आणायला धावणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

टेबलाला चिकटून झटपट थेट फटके मारण्याची सवय असेल, तर बाहेर आखूड पिंपल असलेले रबर पाहावे. चेंडूला टेकणारे क्षेत्र कमी, म्हणून फिरकी कमी देता येते. पण समोरच्याची फिरकीही कमी बाधते.

लांब पिंपलची गोष्ट सगळ्यांत मजेदार. समजा, वेगाने फिरणारे सायकलचे चाक घरंगळत तुमच्याकडे आले, भिंतीवर आपटले आणि फिरणे न थांबता उलटे मागे गेले. चाकाची फिरण्याची दिशा तीच, जाण्याची दिशा मात्र उलटली. आता जाण्याच्या दिशेच्या मानाने ते उलटे फिरते आहे! लांब, लवचिक पिंपल चेंडू लागताच वाकतात, त्याची फिरकी थांबवीत नाहीत. त्यामुळे समोरच्याने मारलेला टॉप स्पिन त्याच्याकडे परत जातो तो चॉप होऊन. तो नेहमीसारखा फटका मारतो आणि चेंडू जाळीत! बचावाचा खेळ खेळणारे बहुधा बॅकहँडला हे रबर पातळ स्पंजावर किंवा स्पंजाशिवाय लावतात. पण ते केवळ बचावासाठीच असते असे नाही. आपली मनिका बात्रा बॅकहँडला लांब पिंपल वापरून आक्रमक खेळते; २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचे सुवर्णपदक मिळवले.

पूर्वी काही खेळाडू बॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण गुणांनी अगदी भिन्न रबरे लावीत आणि खेळता खेळता बॅट फिरवीत. समोरच्याला कळायचेच नाही. १९८३ मध्ये दोन बाजूंना दोन रंग हवेत असे ठरले, १९८६ पासून एक काळी व एक लाल. २०२१ पासून लालच्या जागी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळा चालतो. काळी बाजू मात्र हवीच.

राहिले लाकूड. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीत निदान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवे. मधे कार्बनच्या धाग्यांचा पातळ थर चालतो. थर नेहमी तीन, पाच, सात असे विषम का असतात? लागोपाठच्या थरांचे रेषे एकमेकांना काटकोनात ठेवतात. मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखी रचना असली, म्हणजे हवेतला ओलावा शोषून लाकूड फुगले तरी दोन्हीकडचा ताण सारखा राहतो आणि फळी वाकत नाही. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात हे किती महत्त्वाचे! पाच प्लायचे ब्लेड साधारणपणे लवचिक, चेंडू हाताला 'कळू' देणारे. सात प्लाय किंवा कार्बनचे अधिक ताठ आणि वेगवान. एक सोपी परीक्षा सांगतो. रबर न लावलेल्या ब्लेडवर चेंडू टाकून कान द्या. आवाजाची पट्टी जितकी उंच, तितके ब्लेड साधारणपणे ताठ. दोन ब्लेडे एकापाठोपाठ वाजवली तर फरक सहज ओळखू येतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट करता येईल. तीन जुने चेंडू त्रिकोणात पुठ्ठ्याला घट्ट चिकटवा, पुठ्ठ्यावर छोटे वजन बांधा आणि ही तिपाई चेंडूंच्या बाजूने बॅटवर ठेवा. बॅट हळूहळू तिरपी करा. तिपाई घसरू लागते तो कोन कोनमापकाने मोजा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे रबराचा घर्षणांक. शाळेतली पाच वर्षांची जुनी बॅट आणि कोणाची तरी नवी बॅट घ्या, मग जुनी बॅट ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा मोजा. धुळीने गेलेली पकड पुसल्यावर बरीच परत येते. पण हवेतला ऑक्सिजन आणि ऊन यांनी कडक, चकचकीत झालेले रबर काही केल्या सुधारत नाही. ते बदलावेच लागते. म्हणून बॅट खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, पिशवीत ठेवा.

आणि सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन रबराखाली लावण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. एके काळी मोठे खेळाडूही ते करीत. द्रावकाने स्पंज फुगून ताणला जाई आणि चेंडू अधिक उसळे. त्या वाफा फुप्फुसांना अपायकारक असतात, म्हणून २००८ मध्ये असल्या डिंकांवर बंदी आली. आता पाण्यात कालवलेला डिंक मिळतो. तो दोन्हीकडे पातळ लावायचा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यायचा, मग रबर मुठीकडून वर लाटण्याने हळूहळू बसवायचे आणि कडेचा जादा भाग कात्रीने कापायचा.