विषाच्या दोन्ही बाजूंना खाऊ

किनवट-माहूरच्या जंगलात सागाच्या सोबतीनं वाढणारा बिब्बा हे मोठं वस्ताद झाड आहे. देठाकडे पिवळं-नारिंगी, गरदार बोंड आणि त्याच्या टोकाला चिकटलेली काळी तुकतुकीत बी. ठेवण अगदी काजूची. काजू, आंबा, चारोळी ही सगळी त्याचीच भावकी.

हे बोंड वाळवून ‘बिब्ब्याची फुलं’ म्हणून खातात. बी फोडली की आत गोडंबी निघते, डिंकाच्या लाडवात घालतात ती. म्हणजे वरही खाऊ, आतही खाऊ. या दोहोंच्या मधे, बीच्या टरफलात, पोळ्यासारख्या बारीक खणांमधून काळं तेल भरलेलं असतं आणि सगळी आग तिथे. बी फोडणाऱ्या बाया हाताला राख चोळतात, तरी बोटं सोलवटतात. गोडंबी महाग का, हे मग विचारावं लागत नाही.

हे तेल भाजत नाही, ‘उततं’. त्यातलं भिलावनॉल कातडीत मुरून तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. म्हणून फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. एकदा उतला की शरीर ती ओळख विसरत नाही.

हेच तेल हवा लागली की काळं पडतं, चुन्याची जोड मिळाली की पक्कं होतं आणि पाण्याला दाद देत नाही. परटांनी कपड्यांवर खुणा करायला ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर पुरळ उठलं, ते नेमकं कपड्यावरची ती खूण कातडीला घासायची तिथेच! जपानी लाखकामातला काळा चकचकीत लेपही याच कुळातल्या एका झाडाच्या चिकापासून होतो. रसायनंही जवळजवळ तीच.

आणि असल्या तेलाचं माणसांनी औषध केलं. लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच, तरी काष्ठौषधीच्या दुकानात बिब्बा मिळतो. जुन्या माणसांना टाचेच्या भेगांवर, रुतलेल्या काट्यावर सुईच्या टोकानं लावलेला बिब्बा आठवेल. दिव्यावर धरून त्याचे थेंब दुधात पाडून पिणारेही होते. हे धाडस मला तरी मान्य नाही.

चरकसंहितेतला बेत बघा. ज्येष्ठ-आषाढात गोळा केलेले बिब्बे चार महिने जवाच्या किंवा उडदाच्या राशीत ठेवायचे आणि थंडीत, मार्गशीर्ष-पौषात, प्रयोग सुरू करायचा. पहिल्या दिवशी दहा बिब्बे कुटून आठपट पाण्यात उकळायचे, आठवा हिस्सा उरला की गाळून दुधासह प्यायचे. पण त्याआधी तोंडाला आतून तूप माखायचं! मग रोज एकेक वाढवत तीसपर्यंत जायचं आणि तसंच उतरत यायचं. जेवण भात, दूध, तूप. ज्यानं हे लिहिलं त्याला बिब्बा केव्हातरी चांगलाच उतला असणार.

मूळव्याधीच्या आयुर्वेदिक औषधांतही बिब्बा असतो, पण शुद्ध केलेला. देठाकडचं टोक छाटायचं, विटेच्या चुऱ्यात घालून तेल शोषलं जाईपर्यंत रगडायचा, मग गरम पाण्यानं धुवायचा. हे काम वैद्याचं, आणि तेही हातमोजे घालून. कारण शेवटी टाकून द्यायचा तो चुराही उततो.