व्यवसाय संशोधनात गटांच्या मध्यमानांची तुलना : प्रचरण विश्लेषणाचा अर्थ, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील संशोधनात दोनांपेक्षा अधिक गटांची तुलना करण्याचा प्रसंग वारंवार येतो. तीन प्रशिक्षण पद्धतींपैकी कोणती परिणामकारक आहे, चार विभागांतील विक्रीत खरोखर फरक आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. अशा वेळी गटांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला टी-चाचणी लावण्याची पद्धत अनेक प्रबंधिकांत आढळते. ही पद्धत सोपी असली तरी सदोष आहे. तिच्यावर विसंबून एखादी योजना स्वीकारली किंवा मोडीत काढली, तर पैसा व मनुष्यबळ दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नावरील उपाय म्हणून प्रचरण विश्लेषण, म्हणजेच ‘अनोव्हा’, या तंत्राचे विवेचन केले आहे.

वारंवार टी-चाचणीचा दोष

५ टक्के सार्थकता स्तरावर केलेल्या एका चाचणीत, फरक नसताना तो आहे असे ठरविण्याची शक्यता ५ टक्के असते. तीन गटांच्या तीन जोड्या होतात. या चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास किमान एक चूक होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होते. चार गटांच्या सहा जोड्यांसाठी ती सुमारे २६ टक्के, तर पाच गटांच्या दहा जोड्यांसाठी सुमारे ४० टक्के होते. जोड्यांमध्ये समान गट येत असल्याने प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे असतात. परंतु गट वाढतात तशी चूक वाढते, हे तत्त्व कायम राहते.

तंत्राचा उगम

हे तंत्र सर रोनाल्ड फिशर यांनी विकसित केले. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात ते १९१९ मध्ये रुजू झाले व तेथील पीक प्रयोगांच्या विश्लेषणातून या तंत्राला आकार आला. १९२५ मधील त्यांच्या ग्रंथाने ते सर्वत्र पोहोचविले. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्नेडेकर यांनी फिशर यांच्या सन्मानार्थ संबंधित गुणोत्तरास ‘एफ’ हे नाव दिले. भारतात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या कृषी संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथातून अनेक पिढ्यांनी हे तंत्र आत्मसात केले. शेतातील वाफ्यांसाठी घडविलेले हे साधन पुढे कारखाना, बाजारपेठ व कार्यालय यांच्या अभ्यासातही रूढ झाले.

मूळ कल्पना

मध्यमानापासूनच्या विचलनांचे वर्ग करून त्यांवरून काढलेले पसरटपणाचे माप म्हणजे प्रचरण होय. आकड्यांतील एकूण चढउताराचे दोन भाग पडतात : गटागटांमधील आणि गटांतर्गत. सर्व गटांची मध्यमाने समान आहेत ही शून्य परिकल्पना खरी असेल, तर दोन्ही भागांतून एकाच प्रचरणाचा अंदाज मिळतो व त्यांचे गुणोत्तर १ च्या आसपास राहते. गुणोत्तर बरेच मोठे आल्यास गटांतील फरक केवळ योगायोगाचा मानता येत नाही.

उदाहरण

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. तीन पद्धतींनी प्रशिक्षित केलेल्या प्रत्येकी पाच विक्रेत्यांची साप्ताहिक विक्री (हजार रुपये) अशी :

वर्गातील प्रशिक्षण : १९, १९, २१, २२, २४ (मध्यमान २१)
प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण : २४, २४, २६, २८, २८ (मध्यमान २६)
दृक्‌श्राव्य प्रशिक्षण : १९, २०, २२, २४, २५ (मध्यमान २२)

एकूण मध्यमान २३ आहे. गटागटांमधील वर्गांची बेरीज ५ × (४ + ९ + १) = ७० येते. गटांतर्गत बेरीज १८ + १६ + २६ = ६० येते. स्वाधीनता मात्रा अनुक्रमे २ व १२ आहेत. म्हणून मध्यवर्ग ३५ व ५, आणि एफ = ७. कोष्टकातील ५ टक्के स्तरावरील मूल्य ३.८९ असल्याने शून्य परिकल्पना त्याज्य ठरते. एकूण चढउतारापैकी ७०/१३०, म्हणजे सुमारे ५४ टक्के भाग गटभेदाशी निगडित आहे.

परंतु कोणता गट कोणापेक्षा वेगळा, हे एफ सांगत नाही. त्यासाठी टुकी यांची चाचणी वापरता येते. येथे तिची मर्यादा ३.७७ येते. प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचा इतर दोहोंशी असलेला फरक ५ व ४ असल्याने तो सार्थ ठरतो. उरलेल्या दोन पद्धतींमधील १ चा फरक मात्र सार्थ नाही.

घ्यावयाची दक्षता

पहिली अट निरीक्षणांच्या स्वातंत्र्याची आहे. त्याच विक्रेत्यांची पुनःपुन्हा मोजणी केली असल्यास साधे एकमार्गी विश्लेषण चालत नाही. दुसरी अट प्रत्येक गटातील वितरण प्रसामान्य असण्याची, तर तिसरी गटांची प्रचरणे समान असण्याची आहे. तिसरी अट लेव्हिन चाचणीने तपासता येते. ती पाळली जात नसल्यास वेल्च यांची पद्धत, आणि आकडे केवळ क्रमदर्शक असल्यास क्रुस्कल-वॉलिस चाचणी योग्य ठरते. एक्सेलमधील तयार साधन एफ काढून देते. मात्र टुकी चाचणी त्यात नाही, हे लक्षात ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नमुन्याचा आहे. चांगली विक्री करणाऱ्या विक्रेत्यांनाच एखाद्या पद्धतीसाठी निवडले असेल, तर एफ कितीही मोठा आला तरी श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही. गटवाटणी यादृच्छिक असेल तरच कार्यकारणाचे विधान करता येते. तसेच एफ सार्थ न येणे म्हणजे गट समान असल्याचा पुरावा नव्हे. नमुना लहान असल्यास खरा फरकही निसटू शकतो.

समारोप

प्रचरण विश्लेषण हे आकडेमोडीचे कौशल्य आहे, त्याहूनही अधिक ते संशोधन आराखड्याची शिस्त आहे. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याकडून केवळ एफचे मूल्य न मागता गटवाटणीची रीत, अटींची तपासणी, गटजोड्यांची तुलना व फरकाचे प्रमाण या चारही बाबी मागाव्यात. त्यांच्या आधारे काढलेला निष्कर्षच व्यवसायातील निर्णयाचा भार पेलू शकेल.